रुसव्याचं मूळ

आमच्या घरात कुणाला राग येत नसे. राग येणं हे फार साधं काम झालं. राग आला की माणूस ओरडतो, हात आपटतो आणि घटकाभरात तांब्याभर पाणी पिऊन मोकळा होतो. आमच्या घरात माणसं रुसत. लातूरला गंजगोलाईच्या एका रस्त्यावर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे आमचं बिऱ्हाड. अण्णा रुसले की कारागिराला उठवून स्वतः भांड्यांवर नावं घालायला बसत. कारागिराची छिन्नी टिकटिक करत हलकी चाले. अण्णांच्या हातची ठोक ठोक थेट माजघरापर्यंत यायची आणि तांदूळ निवडता निवडता आई म्हणायची, "बसले वाटतं." लातुरातल्या कितीतरी घरांत आजही पाण्याच्या घागरींवर वाजवीपेक्षा खोल गेलेली नावं असतील. ती सगळी आमच्या घरच्या रुसव्यांची कमाई आहे. आई रुसली की तोंडानं चकार शब्द काढत नसे, फक्त येसराची, म्हणजे मसाला घातलेल्या भाजक्या पिठाची, आमटी अशी जहाल करी की जेवणारा माणूस नाक पुसत पुसत आपली चूक आपणच शोधू लागे. शोभाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, ती डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून निजायची. मी माळवदावर, आमच्या मातीच्या गच्चीवर, जाऊन बसायचो. पण माझा रुसवा कधी एका जेवणाच्या पुढे टिकला नाही. खाली भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की माझा ताठा उतरायचा आणि कुणी बोलवायच्या आतच मी ताटावर हजर असायचो. या घराण्यात मी जरा हलक्या प्रतीचाच निपजलो.

रुसणाऱ्याचा रुसवा काढायची आमच्याकडे एक रीत होती आणि ती आईनं आम्हा दोघांना लहानपणीच शिकवली होती. रुसलेल्या माणसाजवळ जायचं, शेजारी बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग "चला, भाकरी निवायली," एवढंच म्हणायचं. चहा पुढे आला तर "आधी हो म्हणा, मग घेतो," असं म्हणून कप तसाच ठेवायचा. पण काय झालं, का रुसलात, असं चुकूनही विचारायचं नाही. "का मनून इचारलं की त्याला कारण सांगावं लागतं," आई म्हणायची. "आन् सांगितलं की ते कारण लई बारकं निघतं. मग त्याला लाज वाटती आन् तो आणखी रुसतो." हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

पण त्या वर्षी मी अकरावीत गेलो आणि माझं इंग्रजी सुरू झालं. म्हणजे इंग्रजी आधीही होतं, पण आता ते अंगात आलं. आम्हाला इंग्रजी शिकवायला सय्यद सर होते. नांदेडचे. काळी शेरवानी, हातात उन्हाळ्यातही छत्री. एकदा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं तसे सरांनी पुस्तक मिटलं, छत्री उचलली, मान उंच केली आणि तरातरा वर्गाबाहेर निघून गेले. थोड्या वेळानं ते मागच्या दारानं आत आले आणि म्हणाले, "देखो बेटे, इसको बोलते हैं, टु लीव्ह इन हाय डजन. असं जायला येत न्हाई त्यानं इंग्लिश शिकू नये." मग फळ्यावर शब्द लिहिला. डजन. डझन नव्हे. डजन म्हणजे रुसवा, मानी माणसाचा, नाक वर करून निघून जाण्याचा. जुना शब्द आहे, सर म्हणाले, आता फारसं कुणी वापरत नाही, आणि मौज अशी की हा नेहमी 'हाय'च असतो. कुणी कधी 'लो डजन'मध्ये गेल्याचं इंग्रजीत ऐकिवात नाही.

मी खुळावलोच. आमच्या घरात चोवीस तास जे चालायचं त्याला इंग्रजांकडे एक स्वतंत्र शब्द होता! वाचनालयात जाऊन मी तो जाडजूड कोश काढायला लावला. त्यात लिहिलं होतं, की या शब्दाचं मूळ अज्ञात आहे. जुन्या काळी कट्यारीची मूठ ज्या लाकडाची करत त्या लाकडालाही हेच नाव होतं, म्हणून काहींना वाटलं की चिडलेला माणूस मुठीवर हात ठेवतो, तिथून हा शब्द आला असेल. दुसऱ्या कुणाला वाटलं की तो इटलीकडचा असावा, तिकडे सावली टाकण्यासाठी असाच एक शब्द आहे आणि कुणाची सावली आपल्यावर पडली की माणूस फुगतोच. पण कोशकारानं दोन्ही अंदाज बाजूला सारले होते. पुरावा नाही. रुसवा आहे, शेकडो वर्षं आहे, पण तो आला कुठून ते कुणालाच माहीत नाही. मला ते सहनच होईना. प्रत्येक गोष्टीला मूळ असतंच आणि ते नीट विचारलं की सापडतं, असा माझा त्या वयात पक्का समज होता. घरी आल्यावर मी अण्णांना हे सगळं ऐकवलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या इंग्रजाला मनावं, उदगीरला जा."

उदगीरला माझे मन्मथमामा होते. आईचे धाकटे भाऊ, एकुलते एक. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. कधीकाळी ते आमच्याकडे येत, मला पेंडीचा वास मारणाऱ्या सदऱ्याशी धरून वर उडवत, आणि शेवटच्या खेपेला आईच्या मांडीवर बसून मीही त्यांच्याबरोबर उदगीरला गेलो होतो, एवढंच मला आठवत होतं. मग ते यायचे बंद झाले. मामा रुसले होते. कशावरून, ते आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. अण्णा म्हणत, दुकानाच्या पूजेला त्याला टोपी घालायला उशीर झाला. शोभाताई म्हणायची, तिच्या मैत्रिणीसमोर कुणीतरी त्यांना पेंडवाले म्हणालं. आई काहीच म्हणत नसे. आमच्याकडे नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. दरवर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी आई ज्वारीच्या लाह्या फोडायची, एका पिशवीत दोन लुगडी आणि लाह्यांची पुरचुंडी भरून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावायची. पंचमीला सकाळपासून एसटीच्या वेळा होऊन जात. दिवे लागले की ती पिशवी काढून लुगडी पुन्हा पेटीत ठेवी, लाह्या आम्हाला वाटून टाकी आणि कणीक मळायला घेई. न बोलावता माहेरी जायचं नाही, ही तिची टेक होती. त्या दिवशीची आमटी मात्र तिखट नसायची. अगदी बेचव असायची.

हे लिहिता लिहिता आठवलं म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात शोभाताई आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडली. रात्रीतून. खाली करड्या अक्षरांत नुसतं आलं की ती बाहेर पडली. माझी पुण्याची नात घाबरून फोनवर विचारू लागली, "आजोबा, आत्याआजीला काय झालं?" मी म्हटलं, काही झालेलं नाही बाळा, हे आपलं घराणं आहे. या वयातही तिचं डजन हायच आहे.

शोभाताईचं लग्न नांदेडच्या मुलाशी ठरलं आणि मामांचा प्रश्न उभा राहिला. मामा पाठीशी उभा असल्याशिवाय नवरीवर अक्षता पडत नाहीत. चुलतमामा, मानलेला मामा उभा करता येतो, पण मग मांडवातली प्रत्येक बाई शेजारणीच्या कानाला लागते आणि आईला त्या सगळ्यांच्या पंगतीत वाढत फिरावं लागलं असतं. अण्णा गेले असते तर मामांचा रुसवा निघायच्या आधी अण्णांचाच सुरू झाला असता. आईची टेक होती. राहता राहिलो मी. अण्णांनी मामांसाठी नारळ, टोपी, टॉवेल आणि एक तांब्याचा तांब्या दिला, त्यावर मामांचं नाव स्वतः घातलं, आणि या खेपेला ठोके हलके होते. आईनं मला एसटीपर्यंत सोडलं आणि पिशवी हातात देताना म्हणाली, "संगू, नुसतं चला मन. दुसरं काई बोलू नको."

उदगीरपर्यंतच्या वाटेत मी माझं भाषण तयार केलं. मला आईची रीत अडाणी वाटू लागली होती. मूळच शोधलं नाही तर रुसवा निघणार कसा? वर वर काढला तर पुन्हा उगवणार. मी मुळाशी जाणार होतो.

मामा दुकानात गादीवर बसले होते. तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी पाया पडलो. मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं पण सरकून मला जागा दिली. हे फार चांगलं लक्षण होतं, हे आता कळतं. चहा आला. मी म्हटलं, "आधी हो म्हणा, मग घेतो." मामांच्या मिशा जराशा हलल्या. इथवर सगळं रीतीनं झालं होतं. आता नुसतं 'चला' म्हणायचं होतं. मी घसा साफ केला आणि विचारलं, "मामा, पण तुम्ही रुसलात कशावरून?"

गिऱ्हाइकं वळली. मामा म्हणाले, "तुझ्या बापाला इचार."

"अण्णांना माहीत नाही."

"मग अक्काला इचार."

"आई सांगत नाही. तुम्हीच सांगा. टोपीवरून का?"

"टोपीवरून मी रुसंन? मी काय लेकरू हाय?"

"मग तुम्हाला कुणी पेंडवाला म्हणालं म्हणून?"

"पेंड इकतो तर पेंडवालाच मनतील की!" एक गिऱ्हाईक हसलं. मी मात्र कोशकाराच्या निष्ठेनं एकेक शक्यता खोडत निघालो होतो. बारशाचं जेवण? नाही. बैलजोडीचा सौदा? नाही. मामांनी आतल्या खोलीकडे तोंड करून मामीला हाक मारली, "अगं, त्या येळंला काय झालं व्हतं?" आतून मामीचा आवाज आला, "मला काय माहीत? तुमीच घरी आलाव आन् मनलाव, आता तिकडं जायचं न्हाई." मामांनी मिशीवरून हात फिरवला. छताकडे पाहू लागले. पोत्यांकडे पाहू लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की या माणसाला खरंच काही आठवत नाहीये. इतकी वर्षं पाठीचा कणा ताठ ठेवून हा माणूस रुसून बसला होता आणि कशावरून ते हरवलं होतं. आणि हे मी चार गिऱ्हाइकांसमोर उघडं केलं होतं.

"मग चला की," मी घाईघाईनं म्हटलं. फार उशीर झाला होता.

मामा उठून उभे राहिले. "कसा येऊ? कारण ठाऊक न्हाई आन् मी उठून आलो, तर उद्या सारं उदगीर मनंल, मन्मथ खुळा हाय, उगंच रुसला व्हता. मला आठवू दे. आठवल्याबिगर मी येत न्हाई." आणि ते मान उंच करून आत निघून गेले. सय्यद सरांनाही जमलं नसतं इतकं सुंदर गेले.

मामी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "काय केलास रे संगू. लग्न ठरलं मनून कळल्यापासनं त्यायनी धोतर-कोट इस्तरी करून ठेवलाय. रोज एसटीच्या टायमाला दुकानाच्या दारात येऊन उभं राह्यचे. नुसतं चला मनला असतास तर चप्पल घालून निघालेच असते." तिनं माझ्या हातात धपाट्यांचं पुडकं दिलं. सांगायला लाज वाटते, पण अहमदपूरकडच्या गाडीत चुकून बसून परत फिरेपर्यंत मी ते सगळे धपाटे खाऊन टाकले होते.

घरी मी सगळं सांगितलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "इंग्रजीत हाय का याला शब्द?" आणि उठून छिन्नी घेतली. शोभाताईनं पांघरूण घेतलं. आई माझ्यापुढे ताट ठेवून समोर बसली. मला वाटलं, आता आमटीतच समजेल. पण आमटी नेहमीसारखी होती. आईनं विचारलं, "आठवत न्हाई मनला? नक्की?" मी मान हलवली. "घाम आला व्हता?" मी पुन्हा मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरू," ती म्हणाली, "माझं लेकरू." मला क्षणभर वाटलं ते माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवीत एक लुगडं टाकून निघाली आणि मला म्हणाली, "चल, रस्ता दाखव." तिच्याच माहेरचा रस्ता मी तिला काय दाखवणार होतो! उदगीरला आम्ही पोचलो तेव्हा दुकानात गर्दी होती. आई आत गेली नाही. रस्त्यावर उन्हात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मन्मथ, तुला आठवत न्हाई, पर मला आठवतंय. शेवटच्या पंचमीला तू मला न्यायला आला व्हतास. मी तुला उंबऱ्यातच बोलले, की आता मला माह्याराचं काय अप्रूप, माझं घर भरलंय, तू कशाला खेटे घालतूस. तू पाणी न पेता परत गेलास. माझं चुकलं. आता चल."

मी तिच्या शेजारी उभा होतो आणि हे साफ खोटं आहे हे मला माहीत होतं. शेवटच्या पंचमीला ती मामांबरोबर उदगीरला गेली होती, मीही तिच्या मांडीवर बसून गेलो होतो. आणि ते वाक्य! दरवर्षी खुंटीला पिशवी लावून एसटीच्या आवाजाकडे कान देणारी बाई, तिला माहेराचं अप्रूप नाही म्हणे. जी गोष्ट तिच्या तोंडून मेली तरी निघाली नसती, नेमकी तीच तिनं भर बाजारात स्वतःच्या अंगाला लावून घेतली होती. माझ्या तोंडून शब्द फुटणार होता. तिनं न बघता माझं मनगट दाबलं.

मामा गादीवरून उतरून दुकानाच्या दारात आले. मग मोठ्यानं म्हणाले, "हां! तेच! तेच ते!" आणि गिऱ्हाइकांकडे वळून, "बघा, मी मनलो न्हवतो? उगंच रुसंल का माणूस?" गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. धोतर-कोट घातलेले मामा संध्याकाळी आमच्याबरोबर लातुरात होते आणि लग्नात शोभाताईच्या पाठीशी असे उभे राहिले, की फोटोत नवऱ्यापेक्षा तेच ठळक दिसतात.

त्यानंतर मामांची एकही पंचमी चुकली नाही. सकाळच्या एसटीनं यायचे, चहा घ्यायचे आणि निघण्याआधी न विसरता सांगायचे, "अक्का कशी बोलली व्हती मला! माझं घर भरलंय मनं!" वर्षागणिक त्यात भर पडत गेली. ऊन होतं, त्यांच्या हातात चिवड्याचा पुडा होता, तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला, चालत स्टेशनपर्यंत गेले. आई मान खाली घालून ऐकायची, "चुकलं बाबा माझं," म्हणायची आणि पिशवी उचलून त्यांच्यामागे निघायची. पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो, नांदेडला स्थायिक झालो, सुट्टीत गेलो की ते ऐकून माझं डोकं तडकायचं. एकदा मी मामांना खरं सांगायला तोंड उघडलं, तर आईनं भाकरीचा तुकडाच माझ्या तोंडात कोंबला.

आई गेली तेव्हा मामा काठी टेकत मातीला आले. गावाकडच्या आमच्या मळ्यात माती दिल्यावर लोक पांगले आणि मी त्यांना तिथल्या बाजेवर बसवलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ती तसं काई बोलली न्हवती, संगू."

मी बाजेवर त्यांच्याशेजारी बसलो.

"मला त्याच दिवशी कळलं. अक्का असं बोलंल का? मला यायला वाट पायजे व्हती, तिनं दिली. मी घेतली." त्यांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. "मग दरसाल मुद्दाम बोलायचो. वाटायचं, आज तरी चिडंल, आज तरी मनंल, मन्मथ, गप, मी कवाच असं बोलले न्हाई. मग मी पाया पडलो असतो तिच्या. एकदा पण भांडली न्हाई. एकदा भांडायला काय झालं व्हतं तिला?"

मी पाणी आणलं. त्यांनी तांब्या बाजूला सारला, उठले आणि काठी टेकत, ज्या जीपनं आले होते तिच्यात जाऊन बसले. मामीनं बोलावलं, शोभाताईनं बोलावलं, ते खाली उतरले नाहीत. मामा माझ्या आईवर रुसले होते, आणि या खेपेला कशावरून ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.